जुना बाजार, जुनी वस्त्रे आणि ओळख न पटलेले एक लुगडे

घडीमोड (धागाकर्ती)

गेली दोनेक वर्षे जुन्या वस्त्रांच्या शोधात रविवारी सकाळी बाहेर पडण्याचा छंद मला जडला आहे. छंद म्हणावा तर त्यात फार पैसे जात नाहीत आणि व्यसन म्हणावे तर घरचे अजून तसे म्हणत नाहीत. रोज नेसायच्या साड्यांना कपाटात जागा उरलेली नाही, एवढीच त्यांची तक्रार आहे. या भटकंतीत जे पाहिले ते थोडे सांगावे आणि परवाच्या खरेदीबद्दल जाणकारांना विचारावे, अशा दुहेरी हेतूने हा धागा काढत आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करते, कारण मैत्रिणी मला नेहमी "दुकानाचा पत्ता दे" असे म्हणतात. आपल्याकडे जुन्या कपड्यांचा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला असला, तरी त्याला पाटी लावलेले दुकान क्वचितच असते. दुपारी दारावर आलेली बोहारीण चार धड लुगडी आणि दोन पँटींवर एक पातेले देते, ते पातेलेही घासाघीस करून मिळते, आणि ती गाठोडे पाठीवर टाकून निघून गेली की त्या कपड्यांचे पुढे काय होते हे आपण कधी विचारत नाही. जे धड असते ते धुऊन, ठिगळ लावून पुन्हा विकले जाते, जे फाटके असते ते गोधडीला किंवा यंत्रे पुसायच्या चिंध्यांना जाते आणि ज्याला खरी जर असते ते वेगळ्याच वाटेने जाते. त्यामुळे जुने वस्त्र शोधणे म्हणजे दुकान शोधणे नसून त्या गाठोड्याची वाट शोधणे आहे, असे माझे मत झाले आहे.

पुण्यात ही वाट मंगळवार पेठेत शाहीर अमर शेख चौकाजवळच्या जुन्या बाजारात थोडीफार दिसते. बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. पितळी भांडी, कुलपे, मोडकी घड्याळे, नाणी आणि अवजारे यांचीच तेथे चलती असते, कापड त्या मानाने कमी येते, आणि येते तेही ढिगात. ढिगापुढे बसून एकेक घडी उलगडावी लागते, विक्रेता "बाई, घ्यायचं असेल तर उलगडा" असे दोनदा तरी सुनावतो, आणि दहा वेळा नुसती धूळ खाऊन परतावे लागते. अकराव्या वेळी काहीतरी हाती लागते, म्हणून पुन्हा जावेसे वाटते.

परवाच्या रविवारी दोन वस्तू घेतल्या. पहिली म्हणजे एक लुगडे. विक्रेत्याने "अस्सल चांदीच्या जरीची नारायणपेठी, शंभर वर्षांची" असे सांगून दोन हजार मागितले आणि बाराशेला दिले, यावरूनच त्याचे वय निदान चाळीस वर्षांनी घटले असावे. अंग सुती, गर्द निळ्या-काळ्या रंगाचे, बारीक चौकड्यांचे आहे. काठ चार बोटे रुंद, मरून रेशमाचा असून त्यात पिवळसर चमकदार रेघा आहेत. पदर तांबडा रेशमी आहे आणि त्यात आडवे दोन पांढरे पट्टे असून त्यांच्या कडा करवतीच्या दातांसारख्या आहेत. घरी लांबी मोजली तर आठ मीटर वीस सेंटिमीटर भरली, म्हणजे नऊ वार पुरेपूर आहेत. निऱ्यांच्या बाजूला एका ठिकाणी काठ विरला आहे आणि कोणीतरी अतिशय सुबक रफू केले आहे.

दुसरी वस्तू म्हणजे पांढऱ्या जाड सुती कापडाचा बंद गळ्याचा पुरुषी कोट. तो अडीचशेला मिळाला. त्याला एकही बटण नाही. इतकेच नव्हे, तर जेथे बटणे असायला हवीत तेथेही गोल काजेच आहेत, त्यामुळे शिंप्याची चूक म्हणून तो टाकला गेला असावा असे मला वाटले. गळपट्टीच्या आत काळे ठिपके आणि दोन आडव्या रेघा असा डाग आहे, तो साबणाने, लिंबाने आणि उन्हानेही गेला नाही.

लुगडे खरोखर नारायणपेठी आहे का, जर खरी आहे का आणि डाग कसा काढावा, या तीन प्रश्नांची उत्तरे हवी आहेत. आणि रविवारच्या अशा भटकंतीसाठी आपापल्या गावातील ठिकाणेही सांगावीत.

तिसरी_पेठ

लेख आवडला. तीन प्रश्नांपैकी जरीच्या प्रश्नाचे उत्तर देतो, कारण आमच्या घरात एके काळी हा धंदा जवळून पाहिला आहे.

खरी जर म्हणजे चांदीची तार चपटी करून रेशमी धाग्यावर गुंडाळायची आणि तिच्यावर सोन्याचा मुलामा द्यायचा. काठाच्या आतील, नजरेस न येणाऱ्या टोकाकडून एक तार सुईने अलगद उचकटावी आणि नखाने किंवा पात्याच्या पाठीने खरवडावी. मुलाम्याखाली पांढरे दिसले तर चांदी, तांबूस दिसले तर तांबे, आणि पापुद्र्यासारखे सुटून आले तर ती प्लॅस्टिकची जर समजावी. आतला धागा रेशमी आहे की सुती, हेही पाहावे. आपण "पिवळसर चमकदार रेघा" असे लिहिले आहे, त्यावरून मला तर ती जर नसून पिवळे रेशीमच असावे अशी शंका येते. खरी जुनी जर काळवंडते, ती अशी टवटवीत राहत नाही.

गाठोड्याच्या ज्या "वेगळ्या वाटेचा" आपण उल्लेख केला, ती वाट भट्टीकडे जाते. जुनी जर विकत घेणारे लोक काठ आणि पदर कापून घेत, ते जाळत आणि राखेतून चांदी गाळत. १९७९ च्या अखेरीस आणि १९८० च्या सुरुवातीस जगभर चांदीचे भाव अचानक भडकले होते, त्या काही महिन्यांत आमच्या आळीतील किती शालू आणि पैठण्या गेल्या याची गणती नाही. आमच्या आजीचा लग्नातला शालू त्यातच गेला. मला आठवते ते असे की, काठ कापून घेतल्यावर मधले नुसते रेशीम त्या माणसाने परत दिले होते आणि आजीने त्याचे मला एक सोवळे करून दिले. पुढे मुंजीनंतर मी ते वर्षभर नेसत होतो, त्या शालूचे तेवढेच उरले.

त्यामुळे कोणी "शंभर वर्षांची, अस्सल जरीची" म्हणून बाराशेला देत असेल तर समजावे की त्याच्या आधी वजनकाट्यावाल्याने ती पाहून सोडून दिलेली आहे. खऱ्या जरीला बाजारात येईपर्यंत जिवंत कोणी ठेवत नाही.

गिरणगावकर

मुंबईचे सांगतो. चोरबाजारात, म्हणजे ग्रँट रोडजवळच्या मटण स्ट्रीटवर, लोक जुन्या वस्त्रांच्या आशेने जातात आणि ग्रामोफोन पाहून परत येतात. शुक्रवारी सकाळी रस्त्यावर जो बाजार मांडला जातो त्यात कपडे असतात, पण ते जुने नसून केवळ वापरलेले असतात, आणि या दोहोंतील फरक आपल्या धाग्याच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

तो फरक ओळखायला शिकायचे असेल तर आधी संग्रहालयात जावे, मग बाजारात, असे माझे सांगणे आहे. भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ मध्ये लोकांसाठी खुले झाले, १९७५ मध्ये त्याला हे नाव मिळाले. तेथे मुंबईतील निरनिराळ्या जातिजमातींच्या माणसांच्या मातीच्या छोट्या प्रतिकृती आहेत. त्यांच्यासमोर लोक पाच मिनिटेही थांबत नाहीत, मी मात्र अर्धा दिवस काढला आहे. कोणाची पगडी कशी बांधलेली, कोणाचे उपरणे कोणत्या खांद्यावर, अंगरख्याचे बंद उजवीकडे की डावीकडे, हे सगळे बोटभर उंचीच्या बाहुल्यांवर पाहायला मिळते. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात वस्त्रांचे स्वतंत्र दालन आहे, तेथे मात्र डोळ्यांनीच पाहावे लागते, हात लावायला मिळत नाही.

आणखी एक गोष्ट हौशी लोकांच्या ध्यानात येत नाही. जुने सगळे हातमागाचेच असते असे नाही. गिरण्यांची वॉयल, पॉपलीन आणि मलमल ही मुंबईची खरी मिरासदारी होती. ठाणातील कापडाच्या शेवटी गिरणीचे नाव आणि छाप मारलेला असे, आणि काटकसरी बायका पातळाचा तो शेवट कापून न टाकता आतल्या टोकाला ठेवत. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर त्यातील कित्येक छाप पुन्हा कापडावर उमटलेच नाहीत. माझ्याकडे अशी अकरा पातळे आहेत. ज्यांना कोणी पैठणीच्या शेजारी ठेवणार नाही अशी ती साधी छापील पातळे आहेत, पण छाप असलेले टोक सापडले की माझा दिवस कारणी लागतो. आईचा जन्म गिरणीच्या साच्याखात्याच्या (मागांच्या विभागाच्या) भोंग्यावर गेला, त्यामुळे मी या बाबतीत तटस्थ नाही हे मान्य करतो.

कृष्णाकाठ

घडीमोडताई, आपले लुगडे नारायणपेठी नाही. मी सांगलीकडची, वय वर्षे चौऱ्याहत्तर, आणि माझी आई व दोन्ही चुलत्या आयुष्यभर हेच नेसल्या, म्हणून फोटो न पाहताही सांगते की ते इरकल आहे. तांबड्या पदरात पांढरे दोन पट्टे आणि त्यांना दातेरी कड, म्हणजे टोपपदर. ज्वारीचे कणीस, कंगवा, डोंगराची रांग आणि किल्ल्याचा कोट अशी त्या दात्यांची नावे विणकर सांगतात. आम्हाला लहानपणी त्यात फक्त कंगवाच दिसत असे.

खात्री करायची असेल तर एक काम करावे. अंग जेथे संपते आणि पदर जेथे सुरू होतो ती रेघ उजेडात धरावी आणि भिंगातून पाहावी. इरकलात अंगाचा ताणा (उभे धागे) सुती असतो आणि पदराचा रेशमी, दोन्ही ताणे निरनिराळे असतात. अंगाच्या प्रत्येक दोऱ्याचा फास पदराच्या दोऱ्याच्या फासात अडकवून ते जोडतात आणि मग विणायला घेतात, याला कोंडी म्हणतात. त्यामुळे त्या रेघेवर आपल्याला एकात एक अडकलेल्या बारीक फासांची ओळ दिसेल. शिवण दिसणार नाही, गाठही दिसणार नाही. असा जोड प्रत्येक लुगड्यागणिक करावा लागतो, म्हणून एका ताण्यावर एकच लुगडे निघते. साध्या पदराची पाच-सहा लुगडी एका ताण्यावर सलग निघतात, त्यामुळे विणकराला कोंडी परवडत नाही आणि हल्ली बाजारात टोपपदराच्या नावाखाली नुसता विणलेला तांबडा पट्टा मिळतो.

इरकल हे गाव बागलकोट जिल्ह्यात आहे, पण नेसणाऱ्या निम्म्या बायका कृष्णेच्या आणि भीमेच्या खोऱ्यातल्या होत्या. आमच्याकडे त्याला कोणी "परप्रांतीय" म्हटल्याचे ऐकिवात नाही. त्यावर गुळेदगुड्ड गावच्या खणाची चोळी असली की झाले. खणाचा पन्हा मुळातच चोळीपुरता अरुंद असतो, त्यामुळे जुन्या चोळीत कापड वाया गेलेले कधी दिसत नाही, हेही एकदा उलगडून पाहावे.

घडीमोड

कृष्णाकाठ मावशी, आपला प्रतिसाद वाचून तेव्हाच नातवाच्या दप्तरातील भिंग घेतले आणि गॅलरीत बसले. फास आहेत! एकात एक अडकवलेले, तिळाच्या दाण्याहून बारीक, काठापासून काठापर्यंत सलग. बारा ठिकाणी मोजायचा प्रयत्न केला आणि डोळे दुखू लागल्यावर सोडून दिला. मधे एका ठिकाणी तीन फास तुटलेले असून तेथे नंतर कोणीतरी सुती दोऱ्याने टाके घातले आहेत.

तिसरी_पेठ यांची शंकाही खरी ठरली, पिवळी रेघ रेशमाचीच निघाली. म्हणजे विक्रेत्याच्या तीनही विधानांपैकी एकही खरे नव्हते, आणि तरीही लुगडे मला आता पहिल्यापेक्षा अधिक आवडू लागले आहे.

गिरणगावकरांचा सल्ला मानून शनिवारी राजा दिनकर केळकर संग्रहालयात जाऊन आले. शाळेच्या सहलीनंतर प्रथमच गेले. दिनकर गंगाधर केळकर यांनी 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिल्या, हे ठाऊक होते. पण अल्पवयात गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने त्यांनी हा संग्रह उभा केला, त्यात पत्नी कमलाबाई बरोबरीने राबल्या, आणि १९६२ मध्ये तो सगळा राज्य शासनाच्या हवाली केला, हे या वेळी सावकाश वाचले. वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत आणि मांडलेल्या त्यांतील थोड्याच. वस्त्रांपुढे उभी राहिले तेव्हा जाणवले की आपण संग्रहालयात नेहमी वस्त्राचा दर्शनी भागच पाहतो. उलटी बाजू पाहता येत नाही आणि ओळख तर सगळी उलट्या बाजूला असते. ती सोय फक्त बाजाराच्या ढिगात आहे.

उंबरठा

चर्चा माहितीपूर्ण आहे, पण एक अप्रिय प्रश्न विचारतो. हे कपडे बहुधा माणूस गेल्यावरच घराबाहेर पडतात. कोणाच्या तरी आईचे लुगडे तिच्या दिवसकार्यानंतर सुनेने बोहारणीला दिले आणि आपण ते हौसेने घेतले, याचे आपल्याला काही वाटत नाही का? आमच्या घरी मयताचे कपडे अंगाला लावत नसत. मी ती रूढी मानत नाही, परंतु त्यामागे एक संकोच होता आणि तो मला आजही योग्य वाटतो. शिवाय बोहारणीला त्या बदल्यात काय मिळाले, विक्रेत्याला काय आणि आपण पुढे ते चौपट किमतीला विकले तर आपल्याला काय, हाही हिशेब आहेच.

घडीमोड

उंबरठा, आपला प्रश्न रास्त आहे आणि मी तो टाळणार नाही. मी आजवर एकही वस्त्र विकलेले नाही. पण वाटते का, असे विचाराल तर वाटते. रफू केलेल्या जागी बोट लागले की वाटते. मात्र माझ्या आईच्याच बाबतीत असे झाले की आम्ही तिघी बहिणींनी तिच्या साड्या संकोचापायी तशाच ट्रंकेत ठेवल्या, सहा वर्षांनी उघडल्या तेव्हा रेशीम घडीवर चिरले होते, आणि मग आम्ही त्या टाकून दिल्या. त्यापेक्षा त्या वेळीच कोणी नेसली असती तर मला आवडले असते. भावाच्या हिशेबाबद्दल आपले म्हणणे मान्य आहे, म्हणूनच बाराशेचे हजार करून मागण्याचा मोह मी आवरला.

काजेकरी

आमच्या घरात तीन पिढ्या शिवणकाम आहे, म्हणून कोटाबद्दल लिहितो. कोणाही शिंप्याची चूक झालेली नाही, कृपया त्याला दोष देऊ नये!

पांढरे कोट आणि सदरे परटाकडे जात, आणि परीट ते दगडावर आपटून धूत असे. शिवलेली बटणे एका धुण्यात फुटत. म्हणून बटणे शिवायचीच नाहीत, दोन्ही बाजूंना काजे ठेवायची, अशी पद्धत होती. पितळी किंवा चांदीच्या बटणांना मागे कडी असे. ती आतल्या काजातून ओवून, पाठीमागे तार किंवा छोटी कडी अडकवून पक्की करत. धुण्याला टाकताना सगळी बटणे काढून फळीवरच्या डबीत ठेवत. सदऱ्याची बटणे साखळीने एकमेकांना जोडलेली असत, ती साखळी आपल्यापैकी कित्येकांच्या घरी देवघराच्या खणात अजूनही सापडेल. जुन्या बाजारात पितळी वस्तूंच्या टोपलीत कडी असलेली बटणे शोधावीत, कोट पूर्ण होईल. आतल्या बाजूची काजे मुद्दाम गोल आणि दाट टाक्यांची केलेली असतात, ती हातची आहेत की यंत्राची हे पाहावे. हातच्या काजात टाके कोपऱ्यांवर किंचित दाटतात.

आणि तो डाग नाही. ठिपके आणि रेघा म्हणजे परटाची खूण आहे. गावातल्या पन्नास घरांचे पांढरे कपडे एकत्र धुतले जात, ते वेगळे करायचे तर प्रत्येक घराची खूण ठरलेली असे. ती बिब्ब्याने करत. बिब्ब्याचा रस चुन्याबरोबर काळा पडतो आणि जन्मात जात नाही. आपण साबण, लिंबू आणि ऊन हे तिन्ही करून पाहिले, म्हणजे परटाचे काम चोख होते असेच सिद्ध झाले. ब्लीच लावू नये, कापड जाईल आणि खूण राहील.

गिरणगावकर

काजेकरी, हा प्रतिसाद जपून ठेवण्यासारखा आहे. बिब्बा "घालणे" एवढेच आजवर ठाऊक होते.

दूरदेशी

गेली नऊ वर्षे क्योतोमध्ये राहतो. येथे तो-जी या देवळाच्या आवारात दर महिन्याच्या २१ तारखेला मोठा बाजार भरतो आणि जुन्या किमोनोंचे ढीग तेथेही असतात, म्हणून तुलना सहज सुचली. येथील विक्रेता घडी उलगडून आधी डाग कोठे आहे, अस्तर कोठे उसवले आहे ते दाखवतो आणि मग किंमत सांगतो. "शंभर वर्षांचा" असे मला आजवर एकानेही सांगितलेले नाही, "बहुधा युद्धाआधीचा" इतकेच सांगतात. किमोनो सरळ पट्ट्यांनी शिवलेला असतो, तो उसवला की पुन्हा सलग कापड मिळते, त्यामुळे फाटक्या किमोनोचेही तुकडे वेगळे विकले जातात. ठिगळावर ठिगळ लावलेल्या शेतकऱ्यांच्या निळ्या कपड्यांना येथे बोरो म्हणतात आणि आज त्यांना इतकी किंमत आली आहे की पाहून आपल्याकडची वाकळ आठवते. आमच्या गावी सातारा जिल्ह्यात चार वाकळा होत्या. गेल्या खेपेस विचारले तर त्या पाहुण्यांच्या मोटारीवर झाकल्या होत्या.

घाटमाथा

शहरातील नव्या "थ्रिफ्ट" (वापरलेले कपडे विकणाऱ्या) दुकानांबद्दल कोणीच लिहिले नाही. समाजमाध्यमांवरही अशी खाती पुष्कळ आहेत. मी तीन-चार ठिकाणी खरेदी केली आणि एकदा चांगलीच फसले. "सत्तरच्या दशकातील" म्हणून घेतलेल्या जाकिटाच्या आत धुलाईच्या सूचनांची जी पट्टी होती तिच्यावर संकेतस्थळाचा पत्ता छापलेला निघाला! परदेशांतून वापरलेल्या कपड्यांचे गठ्ठे आपल्या देशात येतात, पानिपतला तर लोकरी कपडे फाडून त्यांचा पुन्हा धागा करण्याचा मोठा उद्योग आहे. अशा गठ्ठ्यांतून निवडलेले कपडे वाईट असतात असे मुळीच नाही, मी हिवाळ्यात तेच घालते. फक्त त्यांना आपल्या जुन्या वस्त्रांच्या पंगतीला बसवू नये. आतली पट्टी, चेन धातूची की प्लॅस्टिकची आणि शिवणीची आतली बाजू या तीन जागा पाहिल्याशिवाय दशकांची भाषा बोलणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

पदरकर

येवल्याची वारी सुचवतो. जुने वस्त्र ओळखायचे असेल तर नवे वस्त्र मागावर चालू असताना एकदा पाहिलेच पाहिजे. पैठणीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्यात येवला आणि पैठण दोन्ही येतात. नाशिक जिल्ह्यातील येवल्यात घरोघर माग आहेत आणि बहुतेक विणकर आदराने विचारल्यास शेजारी बसू देतात, फक्त जेवणाच्या वेळी जाऊ नये आणि काही घेणार नसाल तर ते आधीच सांगावे.

पाहायचे ते असे. पदरावरचा मोर किंवा मुनिया विणताना विणकर प्रत्येक रंगाची बारीक तिल्ली (धागा गुंडाळलेली कांडी) त्या त्या जागेपुरती चालवतो आणि शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकवून मागे फिरवतो. म्हणून खऱ्या पैठणीचा पदर उलटा केला तरी मोर तसाच दिसतो, मागे लोंबणारे धागे नसतात. यंत्रावरच्या नकलेत मागे धाग्यांचे रान असते किंवा ते कापलेले दिसतात. ही एवढी एक गोष्ट मागावर वीस मिनिटे पाहिली की जुन्या बाजारात कोणी फसवू शकणार नाही. वीस मिनिटांत विणकराने विणलेले कापड अर्धे बोटही नव्हते, तेव्हापासून मी पैठणीच्या किमतीवर घासाघीस करणे सोडून दिले.

पुण्या-मुंबईच्या मंडळींनी शुक्रवारी रात्री निघून शनिवार येवल्यात आणि रविवार छत्रपती संभाजीनगरात हिमरू पाहण्यात घालवावा. सुताच्या ताण्यावर रेशमी बाणा (आडवे धागे) घालून विणलेले हे कापड एके काळी किनखापाला, म्हणजे भरजरी रेशमी कापडाला, पर्याय म्हणून चाले. आता त्याचे हातमाग फारच थोडे उरले आहेत.

कृष्णाकाठ

वारीला जाणाऱ्यांनी जावे. मी मात्र घडीमोडताईंना साठवणीचे सांगते, कारण ट्रंकेतल्या साड्यांची हकिगत वाचून जीव हळहळला. लुगडे धुतलेल्या जुन्या मलमलीत गुंडाळावे, प्लॅस्टिकच्या पिशवीत कधी ठेवू नये. डांबराच्या गोळ्या कापडाला लागू देऊ नयेत, त्याऐवजी वेखंड किंवा लवंगा पुरचुंडीत बांधून कोपऱ्यात ठेवाव्यात. आणि मुख्य म्हणजे दर तीन-चार महिन्यांनी घडी मोडून दुसऱ्या जागी घालावी, रेशीम घडीवरच चिरते. आमच्याकडे दसऱ्यानंतर एक दिवस, संक्रांतीआधी एक आणि पावसाळ्याच्या तोंडाशी एक असे तीन दिवस ठरलेले असत. कोंडीचे तीन फास तुटलेले आहेत तेथे पदर ओढून खोचू नये.

इरकल नेसायचे असेल तर थेट इस्त्री न लावता वर ओला पंचा घालून फिरवावी. आणि एकदा तरी नेसावे.

घडीमोड

मावशी, काल नेसले. नऊवारी नेसायची सवय नाही, त्यामुळे शेजारच्या काकूंनी काष्टा घालून दिला आणि फास तुटलेला भाग बरोबर डाव्या खांद्यामागे येईल असा बेत केला. रफू निऱ्यांत झाकले गेले. निऱ्या घालताना काकू सहज म्हणाल्या की हे रफू उजव्या हाताचे नव्हे, टाके उलटे पडलेत, करणारी डावखुरी असणार.

कोटाची बटणे अजून सापडलेली नाहीत. आज बुधवार होता म्हणून दुपारी जुन्या बाजारात जाऊन पितळी वस्तूंच्या दोन टोपल्या उपसल्या. कडी असलेली तीन बटणे मिळाली, पण दोन एका मापाची आणि एक दुसऱ्या. कोटाला पाच लागतात. लुगडे विकणारा विक्रेता तेथेच बसला होता, त्याला ते इरकल निघाल्याचे सांगितले. तो म्हणाला, "मी काय वेगळं म्हणालो होतो?" आणि ढिगातून आणखी एक गडद हिरवे लुगडे काढून समोर ठेवले. पदराची रेघ उजेडात धरून पाहिली. ती शिवण होती. ठेवून आले.